काठावरचे वाङ्मय : ओढ्यातली मासेमारी आणि तिचे लेखन

१

सुमारे बारा वर्षांपूर्वी एका लहान नियतकालिकात माझा एक ललित लेख छापून आला होता. भोर तालुक्यातल्या आमच्या गावच्या ओढ्यात लहानपणी आम्ही मासे कसे धरायचो, याचे त्यात वर्णन होते. मृगाचा पहिला पाऊस, गढूळलेले पाणी, नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरांत चढणारे मासे, बांधाच्या फोडीला लावलेले कामट्यांचे सापळे आणि रात्री चुलीवर शिजणाऱ्या कालवणाचा वास. लेख आवडल्याचे चार-पाच फोन आले. त्या भरात अंक घेऊन मी गावी गेलो आणि चुलतीला लेख वाचून दाखवला. लेखात तिचा उल्लेख होता. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली बाई म्हणून मी तिला रंगवले होते.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. “चांगलं लिवलंयस,” म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “पर गंमत तुजी व्हती रं. आमी भाजीला काय नसायचं म्हणून जात व्हतो.”

मी लिहिले त्यात खोटे काही नव्हते. पाऊस तसाच पडत होता, मासे तसेच चढत होते. पण मी काठावर होतो आणि चुलती पाण्यात होती, हा फरक माझ्या लेखात कुठेही उमटला नव्हता. वाचकाला मी काठावर बसवले होते आणि तिथून जे दिसते तेच सगळे आहे असे भासवले होते.

मी विद्यापीठातला अभ्यासक नव्हे. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसून, इंग्रजी पुस्तकाशेजारी शब्दकोश ठेवून वाचत आलो. त्या दिवसानंतर लहान पाण्यातल्या मासेमारीबद्दल जे जे हाती लागले, ते मी एकच प्रश्न धरून वाचले : लिहिणारा कुठे उभा आहे? या लेखात त्या वाचनाचा हिशेब मांडतो आहे. तो मांडताना माझा जुना लेखही सोडणार नाही.

२

आपल्याकडे या विषयावरचे सर्वात जुने सविस्तर लेखन बहुधा आपल्या शेजारीच झाले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘मानसोल्लास’ला मान आहे तो त्यातल्या मराठी गीतांच्या नमुन्यांमुळे. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे, याकडे आपल्या समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. काठी, दोरी, गळ, माशांच्या जाती, कोणत्या माशाला कोणते आमिष, मासा लागल्यावर त्याला कसे खेळवायचे, हे सारे त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५०च्या सुमारास या प्रकरणावर लिहिले, तेव्हा ते प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक झाले. साहित्याच्या अभ्यासकांपर्यंत ते पोचलेच नाही.

प्रकरणाचे नावच त्याची जागा सांगते. हा विनोद आहे, राजाचा विरंगुळा. गळाला लावायचे आमिष कोणी कालवले, माशांची नावे राजाला कोणी सांगितली, कोणता मासा कुठल्या डोहात राहतो हे कोणाला माहीत होते, ही माणसे ग्रंथात असायलाच हवी होती. ती तिथे नाहीत. पण त्यांच्यावाचून ते प्रकरण लिहिलेच गेले नसते. ज्ञान पाण्यातल्या माणसांचे आणि आनंद काठावरच्या माणसाचा, ही वाटणी तिथूनच दिसू लागते.

त्यानंतर पाच शतकांनी, १६५३ साली, इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ आले. गळाने मासे धरण्यावरचे हे जगातले सर्वात प्रसिद्ध पुस्तक. वॉल्टन हा राजा नव्हता, लंडनमधला व्यापारी माणूस होता. शिक्षण बेताचे, बाकी स्वतःच्या वाचनावर घडलेला. म्हणून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटते. यादवी युद्धाने देश पोळून निघाला असताना त्याने लंडनच्या उत्तरेला वाहणाऱ्या ली नावाच्या नदीकाठी चालत जाणाऱ्या माणसांचे संवाद लिहिले. मासे धरणे म्हणजे चिंतनशील माणसाची करमणूक, असे पुस्तकाच्या उपशीर्षकातच त्याने म्हटले आहे. लेखकाच्या हयातीत पुस्तकाच्या पाच आवृत्त्या निघाल्या. १६७६च्या पाचव्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने डव्ह नदीवरच्या मासेमारीची भर घातली.

वॉल्टनचे मोठेपण असे, की लहान नदीतल्या साध्या माशांनाही त्याने पुस्तकात मानाची जागा दिली. पण त्याच्या लेखनाने एक साचाही घालून दिला : सकाळ, शांत पाणी, एकटा माणूस, हातात काठी, मनात विचार. हा साचा पुढे जगभर गेला. इंग्रजीतून शिकलेल्या आपल्या ललित लेखकांच्या हातातही तो आला. मी वॉल्टन वाचला तो माझा लेख छापून आल्यानंतर. तरीही लेख त्याच साच्यातला होता. साचा मूळ पुस्तक वाचूनच घ्यावा लागतो असे नाही. आपण ज्यांना वाचून लिहायला शिकतो, त्यांच्याकडून तो नकळत येतो.

आमच्या ओढ्याला हा साचा बसत नाही. तिथे गळ टाकून एकटे बसणारा माणूस म्हणजे रिकामटेकडा. मासे धरायचे ते चार-सहा जणांनी मिळून. उन्हाळ्यात डबके धरायचे, वरून मातीचा बांध घालून धार बाजूला काढायची आणि घमेल्यांनी, पातेल्यांनी पाणी उपसायचे. तळ लागला की चिखलात हात घालून मासे वेचायचे. मग काठावर वाटे घालायचे. ज्याने पाणी उपसले त्याचा वाटा, ज्याचे घमेले त्याचा वाटा, आणि जी बाई तान्ह्या पोरामुळे आली नाही तिचाही कधीकधी. या कामात चिंतनाला सवड नव्हती. बोलणे मात्र भरपूर होते, शिव्याही होत्या आणि वाट्यावरून भांडणेही. माझ्या लेखात यातले एकही भांडण नव्हते.

३

आता दख्खनच्या पाण्याकडे येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी विल्यम हेन्री सायक्स याला १८२४ साली मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. पिके, जमिनी, माणसे, पाऊस यांच्या नोंदी करताना त्याने पक्षी आणि मासेही गोळा केले. भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांतल्या माशांचे त्याचे वर्णन १८३९च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या प्रकाशनांतून बाहेर आले. पुढे हा माणूस कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला आणि पार्लमेंटातही बसला.

सायक्सने नव्या माशांना नावे देताना एक गोष्ट केली. ग्रीक-लॅटिन विशेषणे जुळवत बसण्याऐवजी अनेक ठिकाणी त्याने भीमेकाठच्या लोकांच्या तोंडची नावे जशी ऐकली तशी उचलली. ती आजही जगभरच्या शास्त्रज्ञांच्या वापरात आहेत. ‘गारा मुल्या’, म्हणजे आपला मळ्या. ‘मिस्टस सींगटी’, म्हणजे शिंगटी. ‘हिप्सेलोबार्बस कोलस’, म्हणजे कोळस. ‘रीटा गोग्रा’, म्हणजे घोगरा. ‘टॉर खुद्री’ हा दख्खनचा महासीर. ‘शिस्मॅटोरिंकस नुक्ता’ हा नाकाडावर उंचवटा असलेला मासा. जपानमधला किंवा ब्राझीलमधला अभ्यासक आज या माशांवर लिहितो, तेव्हा आपल्याला माहीत नसताना तो मराठी बोलत असतो.

ही नावे मी वाङ्मय म्हणून वाचतो. अतिशयोक्ती वाटेल, पण थोडे थांबून पाहा. माशाचे नाव म्हणजे पुष्कळ पिढ्यांनी केलेले निरीक्षण एका शब्दात बसवलेले असते. शिंगटीच्या नावात शिंग आहे. तिच्या पाठीवरचा आणि कल्ल्याजवळचा काटा ज्याच्या तळहातात एकदा घुसला, त्याला नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नाव हीच सूचना आहे : चिखलात हात घालताना जपून. घोगऱ्याच्या नावात मराठी कानाला बसलेला आवाज ऐकू येतो. नाकावर टेंगूळ असलेल्या माशाला ‘नुक्ता’ म्हणणारा माणूस कोण असेल, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

सायक्सची यादी मी वहीत उतरवून घेतली आणि नदीकाठच्या एका भोई म्हाताऱ्याकडे गेलो. त्यांना तात्या म्हणतात. मी इंग्रजी स्पेलिंगवरून जसे वाचता येईल तसे वाचत गेलो. “मुल्या,” मी म्हणालो. तात्यांनी मान हलवली. “मुल्या न्हाय. मळ्या.” मी “सींगटी” म्हणालो, तर ते हसले. “आरं शिंगटी. नीट म्हन की.” मी “कोलस” वाचले. “कोळस. मोटा व्हायचा. आता न्हाय दिसत.” पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका लष्करी साहेबाने ऐकलेले उच्चार तात्या माझ्यासमोर दुरुस्त करत होते. ज्याच्याकडून सायक्सने ही नावे ऐकली, तो माणूसही बहुधा असाच कोणी तात्या असणार. त्याचे नाव सायक्सने नोंदवलेले नाही. माशाचे नाव लंडनला पोचले, सांगणाऱ्याचे काठावरच राहिले.

यादीतली काही नावे तात्यांनीही ओळखली नाहीत. ती मी दोन-तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी उच्चारून पाहिली. त्यांनी आठवण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी हात झटकले. ते नाव मासा गेल्यामुळे गेले, की नाव घेणारे गेल्यामुळे, हे त्या ओट्यावर बसून ठरवता येण्यासारखे नव्हते.

खुद्रीचे वर्णन सायक्सने केले ते पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवरच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. तिथे आज जाऊन पाहावे. ज्या पाण्याने जगाला एका माशाचे नाव दिले, ते पाणी आज शहराचे सांडपाणी वाहून नेते.

४

सायक्सने निदान नावे ऐकून घेतली. त्याच्यानंतरच्या पिढीने ऐकणे कमी केले आणि दोष देणे वाढवले. हेन्री सुलिव्हन थॉमस हा मद्रास मुलकी सेवेतला अधिकारी, दक्षिण कॅनराचा कलेक्टर. त्याचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ साली निघाले. हिंदुस्थानात गळाने मासे धरू पाहणाऱ्या साहेबांसाठी ते पुढे कित्येक वर्षे हाताशी ठेवायचे पुस्तक होते. त्यात वॉल्टनचाच वारसा आहे, पण एक फरक आहे. वॉल्टनच्या नदीकाठी सगळे जण एकाच भाषेत बोलतात. थॉमसच्या नदीकाठी खेळाडू एकीकडे आणि स्थानिक मासे धरणारा दुसरीकडे. पहिला माशाशी झुंज देतो, दुसरा पिल्लांचा आणि अंड्यांचा नाश करतो.

त्याच १८७३ साली फ्रान्सिस डे याचा हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. ‘द फिशेस ऑफ इंडिया’चा कर्ता म्हणून डे याचे नाव मोठे आहे आणि ते रास्तच आहे. पण हा अहवाल वाङ्मय म्हणून वाचला तर त्याचा बाज लक्षात येतो. प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना आणि तहसीलदारांना प्रश्न पाठवले गेले : जाळ्याचे भोक किती, भातखाचरांत सापळे लावतात का, विणीच्या काळात मासे मारतात का. उत्तरे कचेरीतून आली. ज्याच्या सापळ्याबद्दल प्रश्न होता, त्याचा आवाज अहवालात आलाच तर तहसीलदाराच्या तोंडून.

या मालिकेचा शेवट १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमात झाला. पाण्यात सुरुंग उडवून आणि विष कालवून मासे मारणे या कायद्याने गुन्हा ठरवले. इथे माझ्या मनात दोन बाजू आहेत आणि त्या दोन्ही मांडल्या पाहिजेत.

पहिली अशी, की डे याचे शास्त्र चूक नव्हते. चढणीचा मासा हा विणीसाठी निघालेला मासा. पहिल्या पावसात बांधाच्या फोडीला सापळा लावला की त्यात अंड्यांनी भरलेल्या माद्या सापडतात. आमच्याकडे त्या माशाची चव वाखाणली जाते ती त्या गाभोळीसाठीच. कोकणात याच हंगामाला वलगण म्हणतात आणि वलगणीच्या माशांची लोक वर्षभर वाट पाहतात. ओढ्यात गेळ्याची फळे किंवा रामेठ्याची साल कुटून टाकण्याची रीतही आपल्याच लोकांची, ती साहेबाने आणलेली नव्हे. ‘आपले पूर्वज निसर्गाला जपून वागत’ असे सरसकट लिहिणाऱ्यांनी ओढ्यात एक उन्हाळा काढायला हवा. जपण्याचे नियम होते, पण ते ठिकठिकाणचे होते. महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या डोहातला मासा कोणी धरत नाही, म्हणून तिथे महासीर टिकून आहे. तसा नियम प्रत्येक डोहाला नव्हता.

दुसरी बाजू अशी. आमच्या भागात माशांच्या चढणीच्या वाटेत सर्वात मोठी आडकाठी आली ती कामट्यांच्या सापळ्याची नव्हे, धरणाची. भाटघरचे आजचे धरण १९२०च्या दशकात पुरे झाले. वेळवंडीतून वर चढणाऱ्या माशासमोर भिंत उभी राहिली. त्या भिंतीची बाजू सांगणारे अहवाल पुष्कळ आहेत. सापळ्याचे वर्णन मात्र गुन्ह्याच्या यादीत आहे. लहान माणसाचा लहान अपराध बारकाईने लिहायचा आणि मोठ्या बांधकामाला प्रगती म्हणायचे, ही लेखनाची सवय त्या काळात पडली आणि ती अजून गेलेली नाही.

५

या सगळ्यांत मला सर्वात जवळचा वाटतो तो १९१९ सालचा एक लहानसा निबंध. नेल्सन अॅनन्डेल हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. मुंबई इलाख्यातल्या काही लहान ओढ्यांतल्या जीवांवर त्यांनी लिहिले. त्यातले मासे मुख्यतः सातारा आणि पुणे जिल्ह्यांतले. खंडाळ्याच्या ओढ्यातल्या एका बोटभर माशाचे वर्णन त्यांनीच पहिल्यांदा केले. मोठ्या नद्या आणि मोठे मासे सोडून एक नामांकित शास्त्रज्ञ आपल्या ओढ्यांत वाकून पाहतो, ही गोष्टच मला मोलाची वाटते. जोराच्या धारेत खडकाला चिकटून राहणाऱ्या माशांचे पोट चपटे का असते, तोंड खाली का असते, मळ्याच्या खालच्या ओठामागे चिकटायची गोल चकती कशी असते, असे प्रश्न मग होरा यांच्यासारख्यांनी पुढे नेले.

मळ्या दगडावरचे शेवाळ खरवडून खातो आणि दगडालाच धरून राहतो. म्हणून तो गळाला क्वचित लागतो आणि हाताने धरावा लागतो. आमच्याकडच्या बायका दगडाखाली दोन्ही बाजूंनी हात घालून त्याला कोंडायच्या. म्हणजे अॅनन्डेल आणि होरा यांनी माशाच्या शरीरात जे पाहिले, ते बायकांच्या हातांच्या रीतीत आधीपासून होते. फरक इतकाच, की निबंधात मासा आहे आणि दगड आहे, हात मात्र नाही.

तो हात शास्त्रात आणण्याचे एक उदाहरण मराठी माणसाने घालून दिले. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी १९५२ साली कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या एका माशाचे वर्णन केले आणि त्याला नाव दिले ‘निओट्रोपियस खवलचोर’. हा मासा दुसऱ्या माशांची खवले तोडून खातो, म्हणून लोक त्याला खवलचोर म्हणत. मासे धरणाऱ्यांनी जाळ्यातले खरवडलेले मासे पाहिले आणि चोर कोण ते ओळखले. कुलकर्णींनी ते निरीक्षण नावासकट उचलले. सायक्सनेही नावे उचलली होती, पण त्याला त्यांचा अर्थ कळत होता असे त्याच्या स्पेलिंगांवरून वाटत नाही. कुलकर्णींना अर्थ कळत होता. त्यांच्या नावात शास्त्रज्ञाचे निरीक्षण आणि मासेमाराचे निरीक्षण एका शब्दात आले आहे. माझ्या मते ओढ्या-नद्यांच्या मराठी लेखनातला तो एक उत्तम शब्द आहे. तो एका लॅटिन नावाच्या शेपटाला सापडतो, हे आपल्याला विचार करायला लावणारे आहे.

६

मग मराठी साहित्यात काय आहे? मासळी आहे, पण बहुतेक दोन ठिकाणी. एक, संतांच्या कवितेत. पाण्याबाहेर पडलेल्या मासोळीची तळमळ हे भक्ताच्या विरहाचे आवडते रूपक. त्यात मासा नेहमी जिवाच्या जागी असतो. त्याला पाण्याबाहेर काढणारा आणि शिजवणारा माणूस रूपकात येत नाही, आणि यायला हवा असेही मी म्हणत नाही. दोन, समुद्राच्या लेखनात. कोळीवाडा, होडी, वादळ, नारळी पौर्णिमा यांना मराठीत गाणे आहे, कथा आहे, कादंबरी आहे, चित्रपट आहे. शांता शेळके यांच्या कोळीगीतांनी तर देशावरच्या घराघरात समुद्र नेला. मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’त शहराच्या कडेचे पाणी आणि तिथली वस्ती आली.

समुद्राला साहित्य मिळाले, कारण समुद्रावर जाणारी जमात ओळखता येते, तिचा पोशाख आहे, सण आहे, बाजार आहे. ओढ्यावर जाणाऱ्यांना अशी एक ओळख नाही. कातकरी जातात, भोई जातात, आमच्यासारखी कुणब्यांची पोरे जातात, शेतमजूर बायका कामावरून येताना जातात. धरलेला मासा बाजारात जात नाही, ताटात जातो. त्याची नोंद कुठल्या वहीत होत नाही. मासे धरून खाणे हे गावात हलके मानणारे लोकही होते. शाळेत मी डब्यात काय आणले ते कधी खरे सांगितले नाही. ही लाजही आपल्या मौनाचे एक कारण आहे.

कोश उघडावेत तर तिथेही तेच. मोल्सवर्थचा असो वा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, या दोन्हींपुढे मी हात जोडतो. पण माशांच्या बऱ्याच नावांपुढे ‘एक प्रकारचा मासा’ एवढ्यावर अर्थ थांबतो. झाडाच्या नावापुढे गुण येतात, धान्याच्या नावापुढे वाण येतात, ओढ्यातला मासा मात्र नुसता मासा राहतो. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून शब्द घेऊन ते मराठीला कसे द्यायचे, याचा वस्तुपाठ घालून दिला. नवेगावबांधचे त्यांचे लेखन वाचताना एक पाणी आणि त्या पाण्याची भाषा एकत्र शिकता येते. ती रीत अजून गावोगावच्या ओढ्यांपर्यंत पोचायची आहे.

आणि जे थोडे लिहिले जाते ते माझ्या लेखासारखे असते. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत पावसाळा आला की चढणीच्या माशांवर लेख येतात. त्यांत पाऊस असतो, कालवण असते, आजी असते. लिहिणारा आता शहरात राहतो. त्याची आठवण खरी असते, पण ती भूक भागल्यानंतरची असते. गावातल्या टंचाईचे, वाट्यांचे, गाभोळी खाण्यातल्या अपराधाचे, हातात मोडलेल्या काट्याचे तिथे काही नसते. अशा लेखांना स्मरणरंजन म्हणून हिणवणे सोपे आहे. मी ते करणार नाही, कारण मीही तेच केले आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. या लेखांमुळे ओढ्याची गोष्ट सांगून झाली असे वाटते. एकदा गोष्ट सांगून झाली की ज्याला अजून सांगायचे आहे त्याला कोणी विचारत नाही.

७

आमच्या ओढ्याचे आज काय झाले, ते थोडक्यात सांगतो. वरच्या अंगाला सिमेंटचा बंधारा आहे. वाळू गेली, गोटे गेले, त्यामुळे मळ्याला धरायला दगड उरले नाहीत. शेतातली औषधे पावसाबरोबर उतरतात. मधल्या एका डबक्यात चिलापी सापडते, ती कोणी सोडली ते कोणी सांगत नाही. काही पोरे ब्लीचिंग पावडर टाकतात, तारेवरून वीजही सोडतात. १८९७चा कायदा होऊन सव्वाशे वर्षे उलटली. पूर्वी कुटलेल्या सालीने मासे गुंगत आणि वरच्या धारेच्या पाण्याने ओढा दोन दिवसांत धुतला जाई. आता वरून धारच येत नाही.

म्हणून हा प्रश्न नुसता साहित्याचा उरलेला नाही. शब्द आणि मासा एकमेकांना धरून होते. मळ्या दिसेनासा झाला की ‘मळ्या’ म्हणण्याचे कारण उरत नाही, आणि नाव विसरले की मासा गेला हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. तात्यांनी ज्या नावांपुढे हात झटकले, त्यांच्या बाबतीत हे घडून गेले आहे. तिथे समीक्षकाला करण्यासारखे काही उरत नाही. पण जिथे नाव अजून कोणाच्या तरी तोंडात आहे, तिथे करण्यासारखे पुष्कळ आहे.

वाचकांना माझी विनंती साधी आहे. आपल्या गावच्या ओढ्यावर जे अजून जातात किंवा पूर्वी जात होते, त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. माशाचे नाव त्यांच्या उच्चारात लिहावे, आपल्या शुद्धलेखनात नव्हे. तो कुठे सापडायचा, कोणत्या नक्षत्रात, कशाने धरायचा, शिजवायचा कसा, शेवटचा कधी पाहिला, हे विचारावे. आणि मोल्सवर्थपासून सायक्सपर्यंत सगळ्यांच्या हातून जे राहून गेले ते करावे : सांगणाऱ्याला विचारून त्याचे नाव लिहावे.

मी हे काम माझ्या घरापासून सुरू केले. गेल्या तीन वर्षांत चुलतीकडून एकोणीस नावे लिहून घेतली. त्यातली सात मला ठाऊक नव्हती. तिची दृष्टी आता अधू झाली आहे. मी हातात मासा देऊ शकत नाही, म्हणून ती हवेत दोन बोटांनी माप दाखवते, काटा कुठे असतो ते माझ्याच पंजावर दाबून सांगते. प्रत्येक नावाला एक भाजी नसलेला दिवस जोडलेला असतो, तोही मी लिहितो. जुना लेख पुन्हा लिहायला घेतला आहे. मागच्या भेटीत त्याची सुरुवात तिला वाचून दाखवली. पाऊस आता दुसऱ्या परिच्छेदात गेला आहे. पहिल्या परिच्छेदात घरातला रिकामा डबा आहे.

“आता जरा बराबर वाटतंय,” ती म्हणाली. “पर मळ्या कसा धरायचा त्ये चुकीचं लिवलंयस. दोनी हात एका बाजूनं घालशील तर मिळंल व्हय त्यो?”

ते मी दुरुस्त केले आहे.